वळसा घालणाऱ्याची बाजू

आमच्या आटगावला लष्करी छावणी नाही. पण कसारा घाट चढून पलीकडे गेलं, की तोफखान्याच्या प्रशिक्षणाचं देवळाली लागतं. लष्कराने रस्ता अडवला तर गावकऱ्याने निमूट वळसा घ्यावा, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. जवान सीमेवर उभा आहे आणि आपण चार किलोमीटरच्या फेऱ्याची तक्रार काय करायची?

त्या मताला आधारही होता. 31 मे 2016च्या पहाटे वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली. अधिकारी, जवान, अग्निशमन दलाची माणसं गेली. आगरगावसारख्या शेजारच्या गावांतल्या लोकांना रातोरात घरं सोडावी लागली. अशा भांडाराजवळून एसटी आणि ट्रॅक्टर जावेत, असं मी आजही म्हणणार नाही.

मत हललं ते 2018 साली. संरक्षण मंत्रालयाने त्या मे महिन्यात छावण्यांमधले बंद रस्ते खुले करायला सांगितलं. देशात तेव्हा 62 छावण्या होत्या, त्यांतल्या सात महाराष्ट्रात. आत राहणाऱ्या लष्करी कुटुंबांनी विरोध केला. त्यांची काळजी मला खरी वाटली आणि सुरुवातीला मी त्यांच्याच बाजूने बोलत होतो. मग 2006च्या कॅन्टोन्मेंट कायद्याचं कलम 258 वाचलं. सुरक्षेचं कारण असल्याशिवाय रस्ता कायमचा बंद करायचा नाही. त्यासाठी वरिष्ठांची परवानगी हवी. आणि त्याआधी जाहीर सूचना देऊन लोकांच्या हरकती मागवायला हव्यात. म्हणजे फाटकाबाहेरच्या माणसाला बोलायचा हक्क कायद्यानेच दिला होता. मी मात्र त्याला देशाच्या नावाने गप्प बसायला सांगत होतो.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये व्हाइट सँड्स हे क्षेपणास्त्र चाचणीचं विस्तीर्ण क्षेत्र आहे. महामार्ग क्रमांक 70 त्यातूनच जातो. चाचणी असली की आधी कळवून तो तास-दोन तास थांबवतात आणि चाचणी संपली की सोडतात. प्रत्येक ठिकाणी असं जमणार नाही. दारूगोळ्याचा धोका काही तासाभराने सरत नाही. पण कायमचं कुलूप हा एकच उपाय नाही, एवढं मला त्यातून पटलं.

आणि चार किलोमीटर कोणासाठी? मोटारीत बसलेल्याला ती दहा मिनिटं. तानसाच्या जंगलातल्या पाड्यांवरून बाळंतपणाला अडलेली बाई झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावी लागते, हे शहापूर-मुरबाडच्या माणसाला सांगायला नको. तशा वाटेवर फाटक बंद झालं तर तो फेरा कोणाच्या तरी जिवावर बेतू शकतो. वळसा लहान की मोठा, हे मी गाडीत बसून ठरवत होतो. ते तो पायी तुडवणाऱ्याला विचारायला हवं होतं.

लष्कराबद्दलचा माझा आदर तसूभरही कमी झालेला नाही. पण कुठलाही रस्ता अडवायचा असेल, तर आधी गावाला विचारा, पर्यायी रस्ता डांबरासह पुरा करा, त्यावरून एसटी धावू द्या, आणि मगच फाटक लावा.