टिंब आत की बाहेर?

अमेरिकन प्रकाशकाचं पुस्तक असलं की टिंब अवतरणाच्या आत. ब्रिटिश प्रकाशकाचं असलं की आधी वाक्य वाचायचं, मग ठरवायचं. पुण्यात बसून दोन्हीकडची इंग्रजी हस्तलिखितं संपादित करण्यात माझी बरीच वर्षं गेली. अजूनही नवं काम हाती आलं की प्रकाशकाने पाठवलेल्या शैलीपत्रकात मी आधी हीच ओळ शोधतो. बाकीचं नंतर.

अमेरिकन नियम पाठ करायला सोपा आहे. स्वल्पविराम आणि पूर्णविराम कायम आत, अर्धविराम आणि कोलन कायम बाहेर. प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह तेवढं अर्थ पाहून. यातला पहिला भाग डोकं बाजूला ठेवूनच पाळायचा असतो. समजा, एडगर ॲलन पोच्या ‘द रेव्हन’ या कवितेचं नाव वाक्याच्या अगदी शेवटी आलं आहे. १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कवितेच्या शीर्षकात टिंब नाही. टिंब आहे ते वाक्य लिहिणाऱ्याचं. अमेरिकेत तरीही ते पोच्या पदरात जातं: “द रेव्हन.” ब्रिटनमध्ये ते ज्याचं त्याच्याकडे राहतं: ‘द रेव्हन’. अवतरणचिन्ह एकेरी की दुहेरी हाही फरक त्यात आलाच. ब्रिटिश पुस्तकांत बहुधा एकेरी आधी आणि दुहेरी त्याच्या पोटात, अमेरिकेत बरोबर उलट. त्याचं मला कधी फारसं काही वाटलं नाही.

टिंब आत का, याची छापखान्यातली एक गोष्ट या धंद्यातल्या प्रत्येकाने ऐकलेली असते. शिशाच्या खिळ्यांमध्ये टिंब आणि स्वल्पविराम सर्वांत नाजूक. ओळीच्या टोकाला उघडे राहिले तर झिजायचे, मोडायचे. म्हणून जुळाऱ्यांनी त्यांना अवतरणाच्या आडोशाला घेतलं म्हणे. गोष्ट गोड आहे, पण मला पटत नाही. शिसं लंडनलाही तेच होतं. खिळ्यांपुढे तर्काचं चालत नसेल, तर ते ऑक्सफर्डच्या छापखान्यातही चालायला नको होतं. तिथल्या होरेस हार्ट यांनी आपल्या जुळाऱ्यांसाठी १८९३ साली जी नियमावली काढली, ती पुढे ‘हार्ट्स रूल्स’ म्हणून इंग्रजी जगाला ठाऊक झाली, आणि तिच्या परंपरेत चिन्हाची जागा अर्थावरून ठरते. १९०६ साली फाउलर बंधूंच्या ‘द किंग्ज इंग्लिश’नेही तीच बाजू घेतली. गंमत म्हणजे अमेरिकन संपादकांचा धर्मग्रंथ, शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाचं ‘मॅन्युअल ऑफ स्टाइल’, त्याच वर्षी पहिल्यांदा बाहेर आलं. तेव्हापासून दोन्ही घरं आपापल्या जागी ठाम आहेत.

अमेरिकन रीत पानावर देखणी दिसते, हे मान्य करायला हवं. अवतरणाच्या मागे एकटंच लोंबणारं टिंब डोळ्याला खुपतं. कादंबरीत, चरित्रात तिने कोणाचं काही बिघडत नाही. खरी अडचण येते ती अवतरणातलं अक्षरन् अक्षर मोलाचं असतं तिथे. संगणकवाल्यांचं याबाबतचं एक लाडकं उदाहरण आहे. बिल जॉयने १९७६ मध्ये लिहिलेल्या ‘व्हीआय’ या संपादन-प्रणालीत एक ओळ पुसायची तर ‘डी’ हे अक्षर दोनदा दाबायचं. त्याच प्रणालीत टिंब ही स्वतंत्र आज्ञा आहे: मघाशी केलंस तेच पुन्हा कर. आता सूचनापुस्तिकेतलं वाक्य “डीडी.” असं अमेरिकन थाटात संपलं आणि वाचणाऱ्याने अवतरणात दिसलं तेवढं इमानेइतबारे टंकलं, तर एकाऐवजी दोन ओळी जातात. दुसरी ओळ पुसली ती व्याकरणाच्या नियमाने. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी १९८४ साली या नियमाविरुद्ध एक आख्खा निबंध लिहिला होता. नियम जागचा हलला नाही.

प्रश्नचिन्हाला मात्र अमेरिकेतही डोकं लावावं लागतं, आणि माझ्या मते खरी कसोटी तिथेच आहे. “आर यू लीव्हिंग?” असं तिने विचारलं, तर प्रश्न तिचा, चिन्ह आत. ‘मी चालले’ असं ती खरंच म्हणाली का, हे लेखक विचारत असेल, तर चिन्ह बाहेर: डिड शी से, “आय ॲम लीव्हिंग”? तिच्या वाक्याचं टिंब इथे गळून पडतं. दोन विरामचिन्हं शेजारी शेजारी नांदत नाहीत. हे चिन्ह एक घर इकडेतिकडे सरकलं की शंका एकाची दुसऱ्याच्या नावावर चढते. न्यायालयातल्या जबानीवरचं पुस्तक तपासताना मी टिंबांवरून नजर फिरवतो, पण प्रश्नचिन्हांवर थांबतो.

मोठ्या अक्षराचं प्रकरण वेगळंच आहे. ते या लेखात दाखवताही येत नाही, कारण देवनागरीत मोठं आणि लहान अक्षर हा भेदच नाही. शब्दांतच सांगतो. ‘सेड’नंतर स्वल्पविराम देऊन पूर्ण वाक्य अवतरणात आलं, तर त्याचं पहिलं अक्षर मोठं. अवतरणातला तुकडा लेखकाच्या वाक्यात विरघळून गेला असेल, तर लहान. बोलणं मध्येच तोडून ‘शी सेड’ घातलं आणि तेच वाक्य पुढे चाललं, तर दुसरा तुकडाही लहान अक्षराने. आणि प्रश्नचिन्हावर संपलेल्या अवतरणानंतरचं ‘शी आस्क्ड’ लहान ‘एस’नेच, संगणकाला मात्र प्रश्नचिन्ह दिसलं की वाक्य संपल्यासारखं वाटतं.

मराठी माणसाच्या इंग्रजीत एक खास खोड सापडते. “तो म्हणाला की, ‘मी येतो.’” हे आपल्याकडे रूढ आहे, म्हणून तो इंग्रजीतही ‘हि सेड दॅट’ लिहितो, स्वल्पविराम देतो, अवतरण उघडतो आणि मोठ्या ‘आय’ने सुरुवात करतो. ‘दॅट’ आल्यावर तो स्वल्पविरामही नको आणि बोलणाराचा ‘मी’ही नको, तिथे ‘तो’ हवा. हे मी इतक्यांदा दुरुस्त केलं आहे की आता हात आपोआप चालतो. आपली विरामचिन्हं मुळात इंग्रजीतूनच आली. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून ती मराठीत रुजवली. चिन्हं घेतली, वाक्याची चाल आपलीच ठेवली. मराठीपुरतं ते छानच झालं.

मोठ्या अक्षराबाबतचा अमेरिकन वकिलांचा काटेकोरपणा मात्र मला मनापासून आवडतो. मूळ मजकुरात ‘टी’ लहान होता आणि आपल्या वाक्यासाठी तो मोठा करावा लागला, तर वकील त्या एका अक्षराभोवती चौकटी कंस घालतो: इथे माझा हात लागला आहे. इतर पुस्तकांत हा बदल गुपचूप करायला शिकागोची मुभा आहे आणि मीही ती घेतो, नाहीतर पान कंसांनी भरून जाईल. पण जो देश एका अक्षराच्या उंचीबद्दल इतका प्रामाणिक आहे, तोच दुसऱ्याच्या शब्दांत आपलं टिंब बिनदिक्कत घालतो, याचं नवल वाटत राहतं.

माझं मत विचाराल तर ब्रिटिश रीत सरस. पण मत आणि काम वेगळं. आपल्याकडच्या इंग्रजी पुस्तकांत दोन्ही रीती एकाच पानावर भेटतात, ते कुठल्याही एका रीतीपेक्षा वाईट. तेव्हा इंग्रजीत लिहिणार असाल तर टिंब कुठे घालायचं ते प्रकाशकाला विचारून घ्या आणि शेवटपर्यंत तेच पाळा. प्रश्नचिन्हाचा नियम दोन्ही देशांत एकच आहे. ते तुमचं तुम्हीच तपासा.