पडद्यावरचे देवपण

परभणीस महाविद्यालयात शिकत असताना एका स्नेह्याच्या संगणकावर 'ब्लॅक अँड व्हाइट' हा खेळ प्रथम दृष्टीस पडला, आणि पुढे नोकरीनिमित्त मुलूख बदलले, संगणक बदलले, तरी त्याने मनात मांडलेले ठाणे उठले नाही. 1989 साली 'पॉप्युलस'मध्ये जमीन उंचसखल करण्याचा अधिकार खेळणाऱ्यास देणाऱ्या पीटर मॉलिन्यू यांनी 2001 साली या खेळात त्याला साक्षात देवता केले; देह नाही, केवळ एक हात, आणि त्या हाताने आकृती रेखताच शेतावर पाऊस. मृगाने ओढ दिली की आणेवारीच्या चिंतेत बुडणाऱ्या आमच्या जिल्ह्यातील मुलाला त्या पावसाचे केवढे अप्रूप वाटावे!

देवतेचा सहचर प्राणी म्हणून मी गाय निवडली. शेत शिंपल्यावर तिला कुरवाळावे, माणूस गिळल्यास चापट द्यावी, आणि कालांतराने तिने हुकमाची वाट न पाहता, पाहून पाहून शिकलेला पाऊस आपण होऊन पिकावर पाडावा, हे या खेळाचे निर्विवाद ऐश्वर्य होय.

गावातील स्तंभ वर ओढला की अधिक माणसे शेत सोडून पूजास्थानी नाचू लागतात. देवतेचे सामर्थ्य वाढते, आणि नाचणारी माणसे भुकेने खंगू लागतात. भक्तावाचून देव दुर्बळ, हे तत्त्व वारकऱ्यांच्या मुलखास सहज पटणारे. परंतु खेळाचे वैगुण्यही नेमके येथेच आहे. त्याच्या हिशेबी उपासना आणि कष्ट ही एकमेकांच्या मुळावर उठणारी दोन खाती आहेत. गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई दळायला बसली की विठ्ठल स्वतः जात्याला हात लावी, असे परंपरा सांगते. तेथे दळण हेच भजन होते. खेळातील हात कोठारात धान्य ओततो, झाडे उपटून आणतो, पण कुणाच्या कामाशेजारी बसू शकत नाही. गावकऱ्यांच्या अखंड मागण्या पुरवता पुरवता देवतेचा कोठावळा होतो, आणि उत्तरार्धातील कंटाळा याच कारकुनीतून उपजतो.

याच जातीच्या, 2011 च्या 'फ्रॉम डस्ट' या खेळातील वाळू आणि पाणी यांचे वाहणे गोदावरीचा पूर पाहिलेल्यानेही दाद द्यावी असे आहे. मात्र त्यातील माणसांशी जीव जडत नाही. म्हणून मी अद्यापही जुन्या खेळाकडेच वळतो, स्तंभ होईल तितका खाली ठेवतो, माणसांना शेतात राहू देतो, आणि पावसाचे काम गाईकडे सोपवतो.