पर्सचं ओझं

परवा डॉक्टरांनी खांदा दाबून पाहिला आणि विचारलं, "पर्स याच खांद्यावर घेता का?" घरी येऊन प्रवासाच्या बॅगा तोलायच्या काट्याला पर्स अडकवली. चार किलो! सगळं बाहेर काढलं तरी सव्वा किलो, नुसतं चामडं आणि पितळी कड्या. प्रमोशन झालं तेव्हा हौसेने घेतलेली, ब्रँडेड. दिसायला देखणीच, पण आत एकच खोल विहीर. लोकलमध्ये मोबाईल वाजला की डबा, छत्री, किल्ल्या सगळे हाताला लागतात, मोबाईल सोडून.

गंमत म्हणजे लाखोंची ती बर्किन पर्ससुद्धा अशाच रडगाण्यातून जन्मली. विमानात जेन बर्किनने एर्मेसच्या प्रमुखांना ऐकवलं, की सामान मावेल अशी पर्सच मिळत नाही. ती पहिली पर्स २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ८६ लाख युरोंना गेली!

असो. मी लाँगशाँची घडी होणारी नायलॉनची पर्स पाहून ठेवली. १९९३ पासूनचं डिझाईन, वजनाला अगदी हलकी आणि वर चेन. (उघड्या तोंडाच्या पर्सा गर्दीच्या डब्यात नकोतच.) कप्प्यांच्या नावाने मात्र एक छोटा खिसा. त्यासाठी आत वेगळा पाऊच ठेवेन.

किंमत ऐकून आई ओरडणार, असं वाटलं होतं. तिने तीस वर्षं नोकरी रेक्झिनच्या पर्सांवर काढली. येताना त्यातच भाजीही. ती एवढंच म्हणाली, "घे. माझा खांदाही दुखायचा गं."

जुनी पर्स तिने मागून घेतली. तिच्यात आता पासबुकं आहेत, कपाटात.