अंध द्वारपाल

आज्ञापालन हा सद्गुण खरा. पण आज्ञा करणाऱ्यास पाळणारा दिसतच नसेल तर? अमेरिकेत कित्येक चौकांत रस्त्याखाली विद्युत्प्रवाही तारेचे वेटोळे पुरलेले असते. वर मोटार आली की तिच्या धातूने त्याचे चुंबकीय क्षेत्र बदलते, यंत्रास वर्दी मिळते व हिरवा दिवा लागतो. मोटारसायकलीचा धातू अल्प. म्हणून तिचा स्वार मध्यरात्री निर्जन चौकात कितीही तिष्ठला, तरी यंत्राच्या लेखी तो पुष्कळदा नसतोच. मिनेसोटा राज्याने २००२ साली, वाजवी वेळ थांबून सावधपणे तांबडा दिवा ओलांडणाऱ्या स्वाराचा बचाव कायद्यात मान्य केला. कॅलिफोर्नियाने २००७ साली, नव्या यंत्रांनी सायकल व मोटारसायकलही ओळखलीच पाहिजे, असे ठरविले. आम्हांस दुसरा मार्ग अधिक न्याय्य वाटतो. पहिल्यात स्वारास क्षमा मिळते, पण धोका त्याच्याच माथी राहतो. दुसऱ्यात द्वारपालास डोळे मिळतात.