लंकेतले आम्ही दोघं

नोकरी संपली, मुलींची लग्नं झाली, तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं की आता एकदा नुसतं फिरायला जायचं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, पण आमचा प्रवास म्हणजे कुणाचं लग्न, कुणाची मय्यत, नाहीतर बदलीचं गाव. हौसेसाठी तिकीट काढलं ते पहिल्यांदाच, २०१९ च्या जानेवारीत, श्रीलंकेचं. सात दिवसांची सहल, अठ्ठावीस माणसं, सगळी मराठी. थोरले भाऊ म्हणाले, "रामायणातली ठिकाणं दाखवणार ते. तुम्ही तिथं काय करणार?" आम्ही हसण्यावारी नेलं. पण तो प्रश्न आमच्याही मनात होताच.

विमानतळावरून बस निघाली आणि सहलीच्या मुलानं माईक फिरवला. प्रत्येक जोडप्यानं उभं राहून ओळख करून द्यायची. आमची नावं ऐकल्यावर बस क्षणभर गप्प झाली. मग मागून एक काकू कौतुकानं म्हणाल्या, "किती छान मराठी बोलता हो तुम्ही!"

हे वाक्य आम्हाला नवीन नव्हतं. आमच्यापैकी एकानं रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळांतून एकतीस वर्षं मराठी शिकवलं, तरी ते ऐकावं लागतंच. उत्तर ओठावर आलं होतं. हिनं हळूच हात दाबला. आम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलो. नारळ, केळी, फणस, तांबडी माती, उतरत्या छपरांची कौलारू घरं. "आपल्याकडचंच की सगळं," ही म्हणाली.

सहलीच्या फॉर्मवर जेवणाच्या रकान्यात आम्ही 'शाकाहारी' लिहिलं होतं. हलालची चौकशी करत बसायला नको आणि आपल्यामुळं कुणाचा खोळंबा नको. पहिले दोन दिवस आम्ही असे बरेच 'नको' सांभाळले. फजरची नमाज खोलीत दिवा न लावता पढली. बसमध्ये मागची जागा धरली. गप्पांत राजकारण निघालं की आम्हाला झोप यायची.

ही कोंडी फोडली ती कँडीच्या हॉटेलातल्या नाश्त्यानं. तांदळाच्या पिठाच्या शेवयांच्या वाफवलेल्या चकत्या, सोबत नारळाच्या दुधातलं कालवण आणि ओलं खोबरं-मिरचीचं तिखट, ज्याला तिथं पोल सांबोल म्हणतात. लोक लांबूनच पाहून ब्रेडकडे वळत होते. ही मात्र मोठ्यानं म्हणाली, "अगो बाई, शिरवाळे!" शेजारच्या टेबलावरून त्याच काकू उठून आल्या. पुण्याला स्थायिक झाल्या असल्या तरी माहेर त्यांचं राजापूरकडचं. "गुळाच्या रसाशिवाय कसले शिरवाळे?" म्हणाल्या. मग दोघींनी साच्यावर, आयांच्या हातावर आणि गावच्या पावसावर तासभर काढला. त्या दिवसापासून बसमध्ये आमची मागची जागा गेली.

नुवारा एलियाजवळ सीता एलिया म्हणून गाव आहे. ओढ्याच्या काठी सीता अम्मनचं देऊळ. अशोकवन याच भागात होतं, अशी श्रद्धा. मंडळी दर्शनाला आत गेली. आम्ही चपला सांभाळायला बाहेर थांबलो. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून थांबलो. ओढ्यातल्या खडकावर खळगे आहेत, ते मारुतीच्या पावलांचे मानतात. दर्शन झाल्यावर सिंहली गाईड इंग्रजीत कथा सांगू लागला आणि अंगठीपाशी येऊन अडखळला. काकू म्हणाल्या, "सर, तुम्ही वर्गात शिकवलं असेल ना? सांगा की."

सांगितलं. मारुतीनं झाडावरून अंगठी टाकली तिथपासून सीतेनं चूडामणी दिला तिथपर्यंत. वर्गात सांगायचो तसंच, ऐंशी सालच्या आवाजात. मंडळी ओढ्याच्या काठी बसून ऐकत होती. ही चपलांपाशी उभी राहून ऐकत होती. लग्नानंतर पस्तीस वर्षांत तिनं आमचा तास कधी ऐकला नव्हता.

बसमध्ये परतल्यावर गाईडनं ढगांकडे बोट करून सांगितलं की त्या बाजूला श्रीपाद शिखर आहे, २२४३ मीटर उंचीचं. माथ्यावर खडकात पावलाचा ठसा आहे. बौद्ध म्हणतात बुद्धाचा, हिंदू म्हणतात शिवाचा, आणि मुसलमान म्हणतात हजरत आदमचा. इब्न बतूता १३४४ मध्ये तिथवर चढून गेला होता. ढग काही हटले नाहीत. पण त्या दिवशी बसमधल्या सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

शेवटच्या शुक्रवारी कोलंबोत मंडळी पेट्टाच्या बाजारात खरेदीला उतरली. तिथंच लाल-पांढऱ्या विटांच्या पट्ट्यांची जामी उल-अल्फार मशीद आहे, १९०८-०९ मध्ये बांधलेली. जुम्याची वेळ होती. ही काकूंबरोबर एका दुकानाच्या सावलीत थांबली. आत सफ लागली, खांद्याला खांदा लागला. प्रवचन तमिळमध्ये होतं, एक शब्द कळेना. अरबी आलं की परत घरी आल्यासारखं वाटे. नमाजनंतर शेजारच्या म्हाताऱ्यानं हात धरला, तमिळमध्ये पुष्कळ काही विचारलं. आम्ही म्हणालो, मराठी. त्याला तो शब्द ठाऊक नव्हता. मग "बॉम्बे" म्हटल्यावर चेहरा खुलला. त्यानं खिशातून खजूर काढून दिले, दोन. एक बाहेर थांबलेल्या माणसासाठी, असं खुणेनं सांगितलं. त्याच्याशी नमाज एक झाली, बोलणं मात्र होऊ शकलं नाही. बाहेर सावलीत ज्या बाईशी पोटभर बोलणं होई, तिच्याबरोबर नमाज नव्हती. बाहेर येऊन खजुराचे तीन वाटे केले.

तीन महिन्यांनी, २१ एप्रिलला, ईस्टरच्या सकाळी कोलंबो, निगोंबो आणि बट्टिकलोआतल्या चर्चमध्ये, कोलंबोतल्या मोठ्या हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले. अडीचशेहून अधिक माणसं मेली. करणारे आपल्याच धर्माचं नाव घेणारे होते. निगोंबोत तर आमचा शेवटचा मुक्काम होता. टीव्हीपुढं आम्ही दोघं काही न बोलता बसलो. संध्याकाळी फोन वाजला. पडद्यावर काकूंचं नाव होतं. बराच वेळ वाजू दिला. काय ऐकावं लागेल, काय उत्तर द्यावं लागेल, काही सुचेना. शेवटी हिनंच उचलला.

"अहो," काकू म्हणाल्या, "तो खजूरवाला म्हातारा बरा असेल ना? आता त्या लोकांना फार त्रास देतील हो."

मे महिन्यात तिथं मुसलमानांची घरं-दुकानं जाळल्याच्या बातम्या आल्या. म्हाताऱ्याचं नाव आम्ही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी कुठल्या भाषेत! आम्ही दुआ मागितली. काकूंनी देवापुढं दिवा लावल्याचं फोनवर सांगितलं.