बडोद्यातून वाचलेली पेशवाई

पेशवाईवरची मराठी कादंबरी पुण्यात वाचली तर एक लागते आणि बडोद्यात वाचली तर दुसरीच. १ एप्रिल १७३१ रोजी पहिल्या बाजीरावाने सेनापती त्रिंबकराव दाभाड्यांना ज्या लढाईत हरवले, ती डभईजवळ झाली. डभई बडोद्याहून तीसेक किलोमीटरवर आहे. त्रिंबकराव तिथे पडले. पिलाजी गायकवाड दाभाड्यांच्या बाजूने लढत होते, त्यांचा मुलगा सयाजीही त्याच दिवशी कामी आला. पुढच्याच वर्षी डाकोरला दगा होऊन खुद्द पिलाजी मारले गेले. १७३४ मध्ये बडोदे गायकवाडांकडे आले आणि १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. बाजीरावाच्या चरित्रात डभई म्हणजे अनेक विजयांतला एक विजय. बडोद्याच्या घराण्याच्या इतिहासात ते सुतक आहे.

ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ इथे वाचणाऱ्याचे मत म्हणूनच थोडे राखून व्यक्त होते. कादंबरीचा जीव बाजीराव-मस्तानीत गुंतलेला आहे आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही; कादंबरीकाराने आपला माणूस निवडला की बाकीची माणसे आपसूक लहान होतात. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’चेही तसेच. माधवरावांवर मराठी वाचकाने जीव लावला तो या १९६२च्या पुस्तकामुळे, सरदेसायांच्या ‘मराठी रियासती’मुळे नव्हे. पण १७६८ मध्ये धोडपला राघोबादादांच्या मदतीला गेलेला आणि त्यांच्याबरोबर पकडला गेलेला माणूस म्हणजे पिलाजींचा नातू, दमाजींचा मुलगा गोविंदराव होता, हे बडोद्याच्या वाचकाला विसरून चालत नाही. माधवरावांच्या गोष्टीत गायकवाड चुकीच्या बाजूला उभे आहेत. गुजरातच्या अर्ध्या मुलखावर पेशव्यांनी पाणी सोडायला लावलेल्या घराण्याला ती बाजू चुकीची का वाटली नसेल, हा प्रश्न मात्र ‘स्वामी’च्या कक्षेबाहेरचा आहे.

त्याचे उत्तर १७५१ मध्ये सापडते. ताराबाईंच्या बोलावण्यावरून दमाजी गायकवाड गुजरातेतून साताऱ्यावर चालून गेले, अडचणीत सापडले, आणि नानासाहेब पेशव्यांनी त्यांना कैदेत टाकले. सुटका झाली ती अर्ध्या गुजरातच्या मोबदल्यात. त्यानंतर दमाजींनी पेशव्यांना मुजरा केला तो डाव्या हाताने, अशी आख्यायिका आहे. ग्रँट डफनेही ती नोंदवली आहे. खरी असो वा नसो, एवढ्या एका हालचालीवर चांगला कादंबरीकार एक प्रकरण उभे करील. हेच दमाजी दहा वर्षांनी पानिपतावर पेशव्यांच्या फौजेत लढले आणि जिवंत परत आले. अपमान पोटात ठेवून लढणारा सरदार हा पानिपतावरच्या कोणत्याही नायकाइतका मोठा विषय आहे. मराठीत मात्र तो अजून कोणाच्या लेखणीत पूर्ण उतरलेला नाही. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’ची खरी ताकद वेढ्यातल्या उपासमारीत, दाणागोटा संपलेल्या छावणीत आहे, तिथे ती कादंबरी तिच्या भाषणबाज पानांपेक्षा कितीतरी उंच जाते.

बडोद्याच्या वाचकाची खरी कसोटी घेणारी कादंबरी मात्र इनामदारांची ‘झेप’. तिचा नायक दुसऱ्या बाजीरावाचा विश्वासू कारभारी त्रिंबकजी डेंगळे. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात ज्यांचा खून झाला ते गंगाधरशास्त्री पटवर्धन बडोद्याचे वकील होते. पेशवे आणि गायकवाड यांच्या जुन्या हिशेबांचा आणि अहमदाबादच्या इजाऱ्याचा निकाल लावण्यासाठी ते इंग्रजांच्या हमीवर पुण्याला गेले होते. खुनाचा ठपका त्रिंबकजीवर आला. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने त्याला ताब्यात मागितले, ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. १८१६ मध्ये तो तिथून निसटला आणि पुढे चुनारच्या किल्ल्यात कैदेतच मेला. बडोद्याचा माणूस मारल्याचा आरोप ज्याच्यावर, त्याच्या बाजूने उभे राहून त्याला रंगवणारी कादंबरी बडोद्यात बसून वाचायची म्हणजे वाचकाला स्वतःच्या मनाशी भांडावे लागते.

‘झेप’ त्या भांडणात टिकते. इनामदारांनी त्रिंबकजीला देव केलेले नाही. धन्यासाठी सगळे पणाला लावणारा, वरच्या वर्गाच्या दरबारात खालून आलेला माणूस असा तो दिसतो, आणि पटतो. शास्त्री मात्र तेवढ्या ताकदीने पटत नाहीत. एल्फिन्स्टनने त्यांच्याविषयी लिहून ठेवले आहे की ते चालायचे झपाट्याने, बोलायचे झपाट्याने, वागण्यात इंग्रजी ढब आणायचे. त्या वर्णनात चेष्टा आहे, पण कुतूहलही आहे. दोन दरबार आणि कंपनी यांच्यामध्ये सापडलेला हा हुशार, काहीसा हास्यास्पद, शेवटी मारला गेलेला ब्राह्मण कादंबरीने आणखी जवळून पाहायला हवा होता. शिवाय बडोद्यातले दोन तट त्या वेळी पुण्यातही भांडत होते. शास्त्र्यांच्या विरुद्ध असलेल्या सीताराम रावजीच्या पक्षाची माणसे, गोविंदराव बंधुजी आणि भगवंतराव गायकवाड, पेशव्यांच्या दरबारात वावरत होती आणि खुनानंतर इंग्रजांनी त्यांनाही ताब्यात मागितले. म्हणजे खुनाचा एक धागा बडोद्यातही येऊन पोचतो. कादंबरीकाराला निकाल देण्याची मुभा आहे, इतिहासाला नाही. पुराव्याचा मोठा भाग आरोप करणाऱ्या रेसिडेंटानेच गोळा केला असेल, तर इतिहासकाराने ‘सिद्ध’ हा शब्द जपून वापरावा.

वाचलेल्यावर मत देण्याची ही शिस्त बडोद्याला नवी नाही. तिथे तर ती नोकरीचा भाग होती. तिसरे सयाजीराव स्वतः टिपणे काढत वाचणारे राजे होते. गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरचा सहा खंडांचा ग्रंथ वाचून त्यांनी केलेली टिपणे १८९६ मध्ये ‘फ्रॉम सीझर टू सुलतान’ या नावाने छापली गेली. गिबनची कथा १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडण्यापर्यंत येते, त्यावरून हे नाव. दुष्काळाच्या दौऱ्यावरही त्यांनी टिपणेच लिहिली, आणि तीही छापली. पुस्तक आणि मुलूख दोन्ही एकाच पद्धतीने पाहणारा हा राजा होता, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

१८८९ च्या जानेवारीत या राजाकडे ‘वाचक’ म्हणून रुजू झाले ते गोविंद सखाराम सरदेसाई. महाराजांना वाचून दाखवायचे, सारांश काढायचे, पुढे राजपुत्रांना शिकवायचे, हे काम. मॅकियाव्हेलीच्या ‘प्रिन्स’चे भाषांतर ‘राजधर्म’ त्यांनी १८९० मध्ये केले. राजपुत्रांना इतिहास शिकवताना काढलेल्या टिपणांतून १८९८ ची ‘मुसलमानी रियासत’ निघाली आणि १९०२ पासून ‘मराठी रियासत’ येऊ लागली. विसाव्या शतकातल्या बहुतेक ऐतिहासिक कादंबऱ्यांचा शिधा या रियासतीतून आला आहे. गंमत अशी की बडोद्यात बसून लिहिलेल्या त्या इतिहासाचीही मांडणी छत्रपती आणि पेशवे यांच्याच नावांनी झाली. गायकवाडांचे मीठ खाऊनही सरदेसायांनी त्यांना इतिहासात मधले पान वाढले नाही, हा त्यांच्या प्रामाणिकपणाचा पुरावाही मानता येईल आणि पुण्याच्या वजनाचाही. दोन्ही थोडे थोडे खरे आहे.

सरदेसायांचा मोठेपणा आणखी एका गोष्टीत आहे. ‘नानासाहेब पेशवे’ या भागाला त्यांनी त्र्यं. शं. शेजवलकरांची प्रस्तावना घेतली. शेजवलकर कोणाच्या मुलाहिज्याला बळी पडणारे नव्हते. आपल्याच ग्रंथाच्या दारात आपल्याशी मतभेद असणाऱ्याला बसवणे मराठीत दुर्मीळ आहे. नरहर कुरुंदकरांचे पत्र प्रस्तावना म्हणून रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला जोडले गेले, हे त्याच जातीचे दुसरे उदाहरण, तिथे वाचकाचे मत कादंबरीइतकेच वाचले गेले.

अशा वाचनाला लागणारी सामग्री बडोद्यात जुन्या काळापासून आहे. १९१० मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डेन यांना आणून राज्यभर ग्रंथालये उभी करवली, खेडोपाडी लाकडी पेट्यांतून पुस्तके फिरवली, आणि राजवाड्यातला स्वतःचा संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला दिला. मांडवीजवळच्या त्या ग्रंथालयात मजल्यांची जमीन जाड काचेची आहे; वरचा उजेड खालच्या मांडणीतल्या पुस्तकांच्या पाठीपर्यंत पोचतो. साहित्य संमेलन या शहरात चार वेळा भरले, १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ मध्ये. गुजराती शहरातला मराठी वाचक अजून आहे, आणि त्याला पुण्याहून वेगळे मत असण्याचा अधिकार आहे. मात्र त्या मताने कागद दाखवायला हवेत.

म्हणून ‘झेप’ वाचून झाल्यावर एल्फिन्स्टनचा पुण्याचा पत्रव्यवहार उघडावा. तो ‘पूना रेसिडेन्सी करस्पाँडन्स’ या मालेत छापलेला आहे, आणि तिच्या संपादकांत यदुनाथ सरकारांबरोबर सरदेसायांचे नाव आहे.