बाबांचे दोन वाढदिवस

माझ्या बाबांचे वाढदिवस दोन. एक नागपंचमीचा, आजीने सांगितलेला. दुसरा 1 जूनचा, गुरुजींनी दिलेला. त्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र 1 जूनला जन्मलाय, हे तुम्हालाही माहीत असेल. शाळेत नाव घालताना तारीख आठवली नाही की गुरुजी बिनधास्त 1 जून टाकायचे. आम्हाला काय, एकदा श्रीखंड, एकदा दिंडं!

2019 च्या मे अखेरीस बाबा रिटायर झाले. रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत, एका केमिकल कंपनीत तीस वर्षं शिफ्ट केलेला माणूस. नारळ, शाल, ग्रुप फोटो... सगळं साग्रसंगीत झालं. राहिला होता पीएफ. त्यातून घराची कौलं उतरवून स्लॅब टाकायचा होता. मी मुंबईहून फोनवर ऐटीत म्हटलं, "बाबा, आता सगळं ऑनलाइन असतं. दहा मिनिटांचं काम."

त्या दहा मिनिटांना चार महिने लागले.

सीन असा होता. यूएएनला, म्हणजे 2014 पासून पीएफवाल्यांना मिळालेल्या बारा आकडी नंबराला, तारीख होती 1 जून. पॅनवरही 1 जून. पण आधार काढताना समोरच्या मुलाने जन्मतारीख विचारली, तेव्हा बाबांनी सरकारला आयुष्यात पहिल्यांदाच खरी सांगितली! पंचांग बघून काढलेली, नागपंचमीची. आता यूएएनला आधार जुळेना, म्हणून क्लेम जाईना. पॅनलाही आधार जोडता येईना. कंपनीतले साहेब म्हणाले, "आधी तारखा एक करून आणा."

मग शाळेचा दाखला शोधा, आधार केंद्राच्या रांगेत उभे राहा, पावती सांभाळा. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते, त्यामुळे चुकून चालणार नव्हतं. रांगेत बाबा हळूच म्हणाले, "अगं, म्हणजे माझ्या आईचं खोटं आणि गुरुजींचं खरं?" मी गप्प. बाकी वेळी हाच माणूस येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा, की पीएफचा कायदा झाला 1952 साली, आणि तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, आमच्या रोह्याचे! त्या दिवशी चिंतामणरावांचा विषय निघाला नाही.

परतताना मेमूने पेणला उतरले. मामाचा गणपतीचा कारखाना. जुलै म्हणजे तिथे पाय ठेवायला जागा नसते. मामा मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होता, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. ब्रश खाली ठेवल्यावर मी बाबांची सगळी रामकहाणी सांगितली. तो हसला. "बाय, तुझ्या बापाला अडकायला पीएफ तरी आहे. माझं काय?"

खरंच, त्याचं काय? मालक नाही, पगार नाही, की दर महिन्याला कापून घेणारं कुणी नाही. वर्षाची कमाई गणपतीच्या आधी येते आणि पुढच्या वर्षीच्या मातीत जाते. बरं, पैसे ठेवायचे कुठे? 2010 मध्ये इथल्या एका बँकेच्या दारात हवालदिल ठेवीदार उभे राहिलेले त्याने पाहिलेत. मी त्याला एनपीएस समजावून सांगितलं. सरकारी नोकरांची ही पेन्शन योजना 1 मे 2009 पासून सगळ्यांना खुली झाली. आपला प्रान नंबर आपणच काढायचा, पैसे आपणच भरायचे. मामाचा प्रश्न एकच होता, "सही कुणाची लागते?" तुझीच, म्हटलं. मालक तूच. हे त्याला भलतंच आवडलं. पण पॅन आणि आधार काढून बघितलं तर आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं! पुन्हा रांग.

बाबांचे पैसे अखेर सप्टेंबरात आले. स्लॅब दिवाळीनंतर पडला.

आणि या सगळ्यांना शहाणपण शिकवणारी मी? 2018 मध्ये पहिली नोकरी सोडली आणि पीएफ काढून थेट लडाखला गेले. पाच वर्षं पूर्ण नव्हती, म्हणून 10 टक्के टीडीएस कापला गेला. पॅन नसतं तर त्या वेळी 34 टक्क्यांच्या वर गेला असता. तोच पीएफ नव्या कंपनीत ट्रान्सफर केला असता, तर जुनी वर्षंही त्या पाचात धरली गेली असती. हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. खरं तर मी विचारलंच नाही.

लग्नानंतर हौसेने आधारवरचं नाव बदललं. पॅन आणि यूएएन माहेरच्याच नावाने राहिले. आता दोन जुन्या कंपन्यांमधले पैसे तिथेच पडून आहेत. जानेवारी 2025 पासून पीएफमधलं नाव आपलं आपण ऑनलाइन दुरुस्त करता येतं, पण ते यूएएन 1 ऑक्टोबर 2017 नंतरचा असेल तर. माझा 2015 चा. म्हणजे कंपनीची सही आलीच. त्यापेक्षा आधारच पुन्हा बदललेलं सोपं.

बाबांना फोन करून विचारलं, काय करू? ते क्षणभर थांबले. "पॅनवरचंच राहू दे की. मध्ये माझं नाव आहे त्यात."

शनिवारची अपॉइंटमेंट घेतली आहे. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.